तोलाई

हळद जात नाही.
साबण, लिंबू, रॉकेल, भांड्याची घासणी,
सगळं करून झालं.
सांगलीच्या यार्डात सव्वीस वर्षं पोती तोलतोय,
नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या.
लग्नात करवल्या हसल्या होत्या,
याला कशाला लावायची, हा लावूनच आलाय.

शुक्रवारी काटा सरकला होता.
रिकामा असताना उणे तीनशे ग्रॅम.
पहिल्या पोत्यालाच कळलं मला.
बटण आहे बोटाएवढं, दाबलं की येतो शून्यावर.
नाही दाबलं.
सकाळीच दिवाणजींकडं उचल मागितली होती
शारोनच्या नर्सिंगच्या फीसाठी,
आणि ते म्हणाले होते, बघू.
बघू म्हणताना त्यांनी काट्याकडं बघितलं
का मलाच तसं वाटलं,
हे अजून ठरत नाही.
चाळीस पोती.
बसाप्पा आकड्यानं ओढत गेला,
मी वजनं ओरडत गेलो,
माझा आवाज चांगला आहे, देवळातही पुढं बसवतात.
संध्याकाळी उचल मिळाली.

रविवारी प्रभुभोजन.
ताट बाकाबाकावरून फिरत आलं,
पांढऱ्या पावाचे तुकडे, शेंगदाण्याएवढे.
मी एक उचलला
आणि त्याला माझं बोट लागलं.
पिवळं.
दर महिन्याला लागत असणार.
त्या दिवशी दिसलं.

परत ताटात ठेवता येईना, तोंडात घालवेना.
शेजारी सुवार्ता डोळे मिटून.
पाळक म्हणाले, आपापलं अंतःकरण तपासा,
ते दर वेळी म्हणतात,
त्यांचं काही चुकलं नाही.
मूठ मिटली आणि उठलो.
चपला शोधताना मागून गीत सुरू झालं,
माझ्याशिवाय जरा खालच्या पट्टीत.

कसबे डिग्रजची एस.टी.
एका हातानं दांडा, दुसरी मूठ बंद,
कंडक्टर म्हणाला, सुट्टे आहेत का हातात?
नाहीत, म्हटलं.
पुलावरून कृष्णा दिसली, पात्रात म्हशी.
मनात हिशेब: चाळीस गुणिले तीनशे, बारा किलो,
दीडशेच्या दरानं अठराशे.
उचलीतले होते खिशात.
शारोनला काय सांगायचं, ते पूल संपला तरी सुचलं नाही.

बाळगोंडाअण्णा अंगणात पंपाची मोटर उघडून बसले होते.
मी उभ्याउभ्याच सांगितलं.
काटा, बटण, तीनशे, चाळीस.
उचलीचं नाही सांगितलं,
ते सांगितलं असतं तर माफी मागितल्यासारखं कमी
आणि कीव मागितल्यासारखं जास्त झालं असतं.
पैसे ओट्यावर ठेवले.

त्यांनी पान्हा खाली ठेवला.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग आत बघून, आवाज खाली आणून म्हणाले,
"आवळे, बसा.
गुरुवारी रात्री आम्ही पोत्यांवर पाणी मारलं होतं.
जास्त नाही. सगळेच मारतात."

आता बोला.
किती पाणी, कुणाला ठाऊक.
बारा किलो इकडं का पंधरा तिकडं,
मधला व्यापारी कुणाच्या वहीत,
आणि ज्या घरात ती हळद डाळीत पडणार
त्यांचा कोण विचार करतो.
आम्ही दोघं मोटरीच्या सुट्या भागांकडं बघत बसलो.
नऊशे त्यांनी ठेवले, नऊशे मला परत सरकवले,
ते बरोबर होतं का, मला माहीत नाही.
मी घेतले.

चहा आला.
मूठ उघडली.
पाव घामानं चेंदला होता, पार पिवळा.
खाल्ला.
"काय खाताय?" म्हणाले अण्णा.
"पाव."
"थांबा, बिस्किटं आहेत की घरात,"
आणि उठून स्वतः आणायला गेले.

घरी सुवार्ता काही बोलली नाही,
ताट वाढलं, मीठ विसरली.
पाळकांना अजून सांगितलं नाही.
दिवाणजींना सांगितलं, ते म्हणाले, बघू.

आता सकाळी यार्डात कुणी यायच्या आत
रिकाम्या काट्यासमोर उभा राहतो.
सव्वीस वर्षांत कधी राहिलो नव्हतो.
कधी शून्य असतो.
कधी बोट दाबावं लागतं.